अवसेचं मशीन

बुधवारी सकाळी ओधवजी पिठवा मुलीला स्कूटरवर मागे बसवून शापरला निघाला. पायांपाशी कापडी पिशवी होती. पिशवीत केसभर फरकही काट्यावर दाखवणारा डायल गेज, त्याचा लोहचुंबकाचा स्टँड, घासून गुळगुळीत केलेला पोलादी दांडा आणि लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा. खड्डा आला की पिशवी खणखणायची आणि ओधवजी पायाने ती दाबून धरायचा.

"बापुजी, जरा जोरात चालवा," जिज्ञासा मागून म्हणाली. "गोरधनकाका आपल्या आधी पोचले तर गेज काय त्यांच्या गाडीला लावायचा?"

"गोरधनची अजून आंघोळ व्हायची असेल."

"ते आधी विसार देतील, मग आंघोळ करतील. तुम्ही त्यांना ओळखत नाही होय?"

ओधवजी ओळखत होता. राजकोटच्या अटिका भागात दोघांची शेडं एकाच गल्लीत होती. गोरधन सिद्धपुराच्या शेडमध्ये सहा सीएनसी मशीनं होती, संगणकाच्या हुकमावर चालणारी, आणि सातवं ठेवायला जागा त्याने आधीच रिकामी केली होती. ओधवजीकडे तीन मिलिंग मशीनं होती, तिन्ही हाताने चालवायची. त्यांच्यावर तो आणि त्याचा कारागीर मनसुख पाण्याच्या व्हॉल्व्हची बॉडी कापायचे. काम चोख होतं. पण व्हॉल्व्ह कंपनीने सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर हाताच्या मशीनवरचा माल घेणार नाही. सीएनसी मिलिंग असेल तर बोला, नसेल तर आजवरच्या कामाबद्दल आभार.

जिज्ञासा एका मोठ्या कारखान्यात असंच मशीन चालवत होती. तिच्या कारखान्याने तिला साणंदला बदली देऊ केली होती. "आपल्या शेडमध्ये मशीन आलं तर मी राजीनामा देते," ती बापाला म्हणाली होती, "नाही आलं तर मात्र मला जाऊ द्या. मग तुम्हीही शेड विका आणि माझ्याबरोबर चला." नवं मशीन आवाक्यात नव्हतं. जुनी मशीनं विकणारे दलाल रंग मारून म्हातारी मशीनं नवरीसारखी सजवत, त्यांचा भरवसा नव्हता. अशात परसोत्तमभाई वेकरिया आपला शापरचा कारखाना बंद करताहेत अशी बातमी आली. त्यांचं तैवानी मशीन त्यांनी स्वतः नवं आणलेलं, स्वतः उभं राहून चालवलेलं. परसोत्तमभाई जातीने पटेल, शब्दाचे पक्के. त्यांनी निरोप धाडला होता, बुधवारी दहा वाजता दार उघडतो, ज्याला पसंत पडेल त्याने विसार द्यावा, आधी देईल त्याचं मशीन.

अटिकाची वीज बुधवारी बंद असते, म्हणून सगळ्यांची सुट्टी बुधवारीच. म्हणजे अख्खी गल्ली येणार हे ओधवजीने धरलंच होतं. गोरधन तर पानाच्या टपरीवर मावा चोळत म्हणाला होता, "ते मशीन माझ्या शेडमध्ये आलंच समजा. बाकीच्यांनी गाठिया खाऊन परत यावं."

कारखान्याच्या फाटकाशी एकही गाडी नव्हती. सावलीत एक कुत्रा झोपला होता. आत खुर्चीवर परसोत्तमभाई एकटेच बसले होते आणि मांडीवरच्या कागदातून खरोखरच गाठिया खात होते.

"जय स्वामिनारायण, ओधवजीभाई. तुम्ही आलात?"

त्या 'तुम्ही' वर दिलेला जोर ओधवजीला बोचला. "बुधवारी या म्हणालात ना?"

"म्हणालो होतो. पण तुम्ही याल असं काही वाटलं नव्हतं."

"का? आमची ऐपत नाही असं वाटलं?"

"अहो, तसं नाही हो." परसोत्तमभाई ओशाळले. "मला म्हणायचं होतं, घरी विचारून निघालात ना?"

"घरी विचारायला कोण आहे आता?"

परसोत्तमभाईंचा हात गाठियाच्या कागदावर थांबला. ओधवजीची बायको लाभुबेन वारली तेव्हा ते शोकबैठकीला येऊन गेले होते. "चुकलो मी," ते म्हणाले. "बसा. बेटा, तूही बस. मिरची घे, तिखट नाही."

"आधी मशीन बघू," ओधवजी म्हणाला. "बाकीचे येऊन पोचायच्या आत."

"बाकीचे आज नाही येणार."

"का?"

"आता ते मी तुम्हाला सांगायचं?" परसोत्तमभाई हसले आणि किल्ल्या घेऊन पुढे चालू लागले.

ओधवजी मागे रेंगाळला. गोरधन येणार नाही. गल्लीतलं कोणीच येणार नाही. म्हणजे या मशीनबद्दल सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते फक्त आपल्याला ठाऊक नाही. जिज्ञासाही त्याच्या बाहीला धरून कुजबुजली, "बापुजी, यात काहीतरी गडबड आहे. गोरधनकाका हातचं मशीन सोडतात होय?"

"बघू. लपून लपून लपेल कुठे?"

मशीन शेडच्या कोपऱ्यात उभं होतं. रंग जागोजागी उडालेला, दरवाजाची काच धुरकट. रंग मारलेला नाही हे पाहून ओधवजीला जरा बरं वाटलं. त्याने मशीनच्या अंगावर हात ठेवला. थंडगार. हेही बरंच झालं. दलाल गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर मशीन चालवून गरम करून ठेवतात, मग त्याचे सांधे बोलत नाहीत. थंड मशीन खोटं बोलत नाही.

त्याने स्पिंडलमध्ये, कटर जिथं बसून फिरतो तिथं, दांडा धरला, डायलचं टोक त्याला टेकवलं आणि हाताने दांडा सावकाश फिरवला. काटा जागचा हलला न हलला. पुन्हा फिरवला. तेच. त्याने स्पिंडल वेगात सुरू करायला सांगितलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या घरावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंगचा आवाज एकसारखा येत होता, मांजर झोपेत घुरघुरतं तसा.

"काय म्हणतंय?" परसोत्तमभाईंनी विचारलं.

"ठीक म्हणतंय," ओधवजी नाराजीने म्हणाला.

मशीन जितकं चांगलं निघत होतं तितका त्याचा जीव खालीवर होत होता. दोष सापडला असता तर सुटका झाली असती. त्याने टूल बदलणारा हात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, तो एकदाही अडखळला नाही. बेडवरची झाकणं उचलून पाहिली. मागचं विजेचं कपाट उघडून नाक आत घातलं, जळका वास आहे का ते हुंगलं. जिज्ञासाने कंट्रोलच्या पडद्यावर जुने अलार्म काढून वाचले. कधीतरी तेल कमी झाल्याचा होता, कधीतरी दरवाजा उघडा राहिल्याचा. घरोघरी असतात तसलेच.

शेवटी टेबलात एक गोष्ट सापडली. टेबल पुढे नेऊन परत आणलं की एका दिशेला काटा जिथं यायला हवा तिथं येत नव्हता, केसभर अलीकडे थांबत होता. ओधवजीचा चेहरा उजळला.

"हे बघ! इथं ढिलाई आहे."

"हो," परसोत्तमभाई म्हणाले. "ती आहेच. मीच सांगणार होतो. दोन वर्षं झाली."

"बापुजी, एवढी ढिलाई तर कंट्रोलमध्ये आकडा घालून भरून काढता येते," जिज्ञासा म्हणाली.

"हळू बोल. अजून भाव व्हायचाय."

परसोत्तमभाई पोट धरून हसले. ओधवजीला मात्र हसू येईना. एवढ्याशा ढिलाईसाठी गोरधन घरी बसणाऱ्यातला नव्हता. त्याने पिशवीतला ठोकळा काढला, व्हाइसमध्ये आवळला. जिज्ञासाने कंट्रोलपाशी उभं राहून प्रोग्रॅम लिहिला. एक चौकोनी खिसा, त्यात एक गोल भोक, कडेला एक तिरका काप. बाप जे हाताने अर्ध्या दिवसात करतो ते तिने चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात मांडलं. तिने बटण दाबलं. दरवाजाच्या धुरकट काचेआड पांढरं पाणी उडालं, लोखंडाचा कीस निळसर होऊन पडू लागला, आणि आवाज कुठेही फाटला नाही.

ठोकळा बाहेर आला. ओधवजीने पुसला, मोजला, उलटा धरला, पुन्हा मोजला. गोल भोक गोल होतं. एवढं गोल भोक त्याच्या हातून आयुष्यात मोजक्या वेळा निघालं असेल. त्याने बोट आत घालून फिरवलं आणि त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण भूक, तहान सगळं विसरलो आहोत. लाभु गेल्यापासून एक सकाळ अशी गेली नव्हती. त्याला ते आवडलं आणि आवडलं म्हणून चोरट्यासारखं झालं.

परसोत्तमभाईंनी चहा आणवला. बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाले, "खरं सांगू ओधवजीभाई? मला तुमचं कौतुक वाटतं. पंचवीस वर्षं लोहार-सुतारांबरोबर धंदा केला, पण अवसेच्या दिवशी हत्यार हातात घेणारा तुमच्यातला माणूस आज पहिल्यांदा पाहिला."

ओधवजीची बशी ओठांशीच राहिली.

"अवस?"

"आज अवस नाही का?"

जिज्ञासाने मोबाइल काढून तिथी पाहिली. मग तिने बापाकडे पाहिलं. त्याला विचारायची गरज नव्हती, तिचा चेहराच सांगत होता.

त्यांच्यात अवसेला, म्हणजे अमावास्येला, हत्यार उचलत नाहीत. विश्वकर्मादादांचा तो विसाव्याचा दिवस. लोहार हातोडा धरत नाही, सुतार रंधा धरत नाही, गवंडी थापी धरत नाही. गोरधनची सहाच्या सहा मशीनं अवसेला गप्प असतात, कंपनीचा साहेब दारात येऊन रडला तरी. ओधवजीने समज आल्यापासून एक अवस मोडली नव्हती. पण तिथी काही त्याने कधी पाहिली नव्हती. रात्री दह्याला विरजण लावता लावता लाभु सांगायची, "उद्या अवस. शेडची किल्ली इकडे द्या." ती गेल्यानंतरच्या अवसा मनसुखने आदल्या दिवशी सांगितल्या. ही अवस बुधवारी आली होती. बुधवारी सुट्टी असतेच, म्हणून मनसुखलाही सांगायचं सुचलं नाही.

"तरीच," ओधवजी म्हणाला. "तरीच कोणी नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" परसोत्तमभाई सरळ होऊन बसले. "अहो, मला वाटलं तुम्ही ठरवून आलात. हे बघा, आता मी लपवून ठेवत नाही. गोरधनचा काल रात्री फोन आला. म्हणाला, बुधवारी येतो म्हणालो तेव्हा तिथी बघितली नव्हती, गुरुवारी दिवस उगवताना विसार घेऊन दारात उभा राहतो. मी सांगितलं, बुधवारी कोणी दिला नाही तर ये."

"म्हणजे मी उद्या येतो म्हणालो तर?"

"तर उद्या दोघं या. जो आधी पोचेल त्याचं. गोरधनची गाडी मोठी आहे हो, तुमची स्कूटर आहे."

ओधवजी बशी ठेवून बाहेर आला आणि शेडच्या पायरीवर बसला. हाताला तेल लागलं होतं. अवसेचं तेल. लाभुने पाहिलं असतं तर ती एक शब्द बोलली नसती, तिने नुसता साबण पुढे केला असता.

जिज्ञासा येऊन शेजारी बसली. 

"बा असती तर आज आपण इथं आलोच नसतो," ती आईच्या आठवणीने म्हणाली.

"हो ना. काल रात्रीच बोलली असती."

"आणि उद्या मशीन गोरधनकाकांचं झालं असतं."

ओधवजीने तिच्याकडे रागाने पाहिलं. "म्हणजे ती नाही म्हणून मला मशीन मिळालं, असं म्हणायचंय तुला? नको मला तसलं मशीन."

"मला तसं नाही म्हणायचं."

"तसंच म्हणालीस तू."

"बरं, तसंच म्हणाले. खरं आहे म्हणून म्हणाले." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "बापुजी, तुम्हाला एक ठाऊक नाही. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस अवसेचा होता. मोठ्या काकू म्हणाल्या, अवसेला नवं काही सुरू करतात का, आणि मुलीला मशीनवर कशाला घालता. बाने मला रिक्षात बसवलं आणि काकूंना म्हणाली, अवस पुढच्या महिन्यात परत येईल, हे कॉलेज येणार नाही. मग रिक्षावाल्याला म्हणाली, भाई, पळव."

"मला म्हणाली होती की तुम्ही दोघी मावशीकडे गेला होता."

"तुम्ही अवस पाळत होता ना, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

 लाभु आपल्याशी खोटं बोलली हे ओधवजीला आज कळलं, आणि ते कळून त्याला बरं वाटलं. ती गेल्यापासून तिच्याबद्दल नवं असं काही कोणी सांगितलं नव्हतं. सगळे जुनंच सांगत, किती भली होती, किती सोसलं. ही रिक्षातली लाभु त्याला ठाऊक नव्हती. ती मात्र त्याला अगदी तिच्यासारखी वाटली.

त्याने हातावरचं तेल पँटला पुसलं.

"अर्धी मोडली काय आणि पुरी मोडली काय," तो म्हणाला आणि उठला.

आत जाऊन तो परसोत्तमभाईंसमोर उभा राहिला. "भाव निरोपात धाडलात तोच ना? गोरधनला सांगितलात तोच?"

"तोच. कमी नाही, जास्त नाही."

"मग तो मला मंजूर आहे. पण टेबलात ढिलाई आहे. तिच्या बदल्यात ते कपाट द्या." कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात मशीनचे होल्डर, कटर आणि दोन व्हाइस होते.

"कपाट नाही हो. माझ्या मुलाने मागितलंय, कपडे ठेवायला."

"मग त्याला रिकामं कपाट द्या. आतलं मी नेतो. होल्डरवर सदरे टांगणार आहे का तो?"

परसोत्तमभाई त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "न्या! पटेल हरला. पण विसार आत्ता, माझ्या हातात. उद्या गोरधनसमोर मला शब्द फिरवावा लागू नये."

ओधवजीने पाकिटातून काढलेल्या नोटा आणि त्यावर शकुनाचा एक रुपया परसोत्तमभाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली. मशीन ओधवजीचं झालं.

गुरुवारी सकाळी गोरधन शापरहून थेट ओधवजीच्या शेडवर आला. गाडीतून उतरण्याआधीच बोलू लागला.

"अरे ओधव! अवसेला हत्यार धरलंस? विश्वकर्मादादांना काय तोंड दाखवशील?"

"दाखवीन हेच. दुसरं नाही माझ्याकडे."

"हसण्यावारी नेऊ नको. ज्ञातीत लोक काय म्हणतील?"

"तूच आधी सांगून टाक. मला दारोदार फिरायला वेळ नाही, पाया खणायचाय."

"ते मशीन फळायचं नाही, सांगून ठेवतो. अवसेचं मशीन!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या अटिकात ते नाव झालं. पानाच्या टपरीवर पोरंसोरं विचारू लागली, "ओधवजीभाई, अवसेचं मशीन कधी येतंय?" ओधवजी हसून पुढे जायचा. पण घरी आल्यावर त्याला जेवण जायचं नाही. मनसुख तर स्पष्टच म्हणाला, "शेठ, मी जुन्या मशीनवर काम करीन. त्याला हात नाही लावणार. माझी पोरंबाळं आहेत."

"मला पण पोरगी आहे. ती तर त्याच्यावरच उभी राहणार आहे."

"ती शिकलेली आहे," मनसुख म्हणाला, जणू अवस शिकलेल्यांना धरत नाही.

मशीन आलं त्या दिवशी दुपारी सगळं राजकोट जेवून पंख्याखाली आडवं झालं होतं, पण गल्ली जागी होती. हायड्रा क्रेनने मशीन शटरसमोर उतरवलं. शटरच्या आत क्रेन जाईना, म्हणून खाली पाइप घालून, मागून पहारी लावून ढकलायचं ठरलं. शेजारच्या शेडांमधली माणसं बनियनवरच आली. फळो न फळो, जड वस्तू हलवायची म्हटली की लोहाराला घरात झोप येत नाही.

गोरधनही आला. हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. मावा तोंडात, चेहऱ्यावर 'मी फक्त बघायला आलोय.'

मशीन अर्धं आत गेलं आणि एक पाइप तिरका झाला. मशीनचं एक अंग खाली झुकलं. "धरा, धरा!" असा गलका झाला आणि कोणी काय धरायचं ते कोणालाच कळेना.

"ए, पुढे ढकलू नका!" गोरधन भिंतीपासून सुटला. मावा थुंकून तो थेट झुकलेल्या अंगाशी पोचला. "पाचर आणा, लाकडाची! इकडे, माझ्या पायाशी. ओधव, पहार खाली घाल, वर नको. हां. आता उचल. सावकाश रे बैलांनो, लग्नाची वरात आहे का?"

ओधवजीने पहारीवर सगळा भार टाकला. मशीन सरळ झालं. पाइप पुन्हा आडवा बसला.

"हात लावलास की रे," ओधवजी धापा टाकत म्हणाला. "अवसेच्या मशीनला."

"पडताना बघवत नाही मला. मशीन कोणाचं का असेना."

मशीन पायावर बसलं. लेव्हल झाली, वीज जोडली, तेल भरलं. दोन दिवसांनी सकाळी जिज्ञासाने नारळ फोडला, मशीनला कुंकू लावलं आणि मुख्य स्विच वर केला. दारात गर्दी होती. गोरधन सगळ्यांत पुढे होता, आमंत्रण कोणी दिलं नव्हतं तरी. परसोत्तमभाई सुनेने केलेली लापशी डब्यात घेऊन आले होते.

कंट्रोलचा पडदा उजळला. पंप घरघरला. आणि लगेच तांबडा दिवा लागला. पडद्यावर अलार्म आला. जिज्ञासाने तो पुसला, पुन्हा चालू केलं. पुन्हा तांबडा दिवा.

"तेलाला दाबच येत नाही," ती म्हणाली.

"तेल तर काठोकाठ आहे," ओधवजी म्हणाला. त्याने टाकीचं झाकण काढून पाहिलं. मग परसोत्तमभाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत चालत होतं," परसोत्तमभाई म्हणाले. "तुम्हीच चालवून पाहिलंत."

तिसऱ्यांदा चालू केलं. तांबडा दिवा. दारात कोणी हलेना.  ओधवजीच्या घरातलं होतं नव्हतं ते या मशीनमध्ये होतं. जिज्ञासाने राजीनामा देऊन टाकला होता. कंपनीचा पहिला माल पुढच्या आठवड्यात जायचा होता.

मनसुख कपाळाला हात लावून म्हणाला, "भोवली. अवस भोवली, शेठ."

"अवस कसली भोवते गाढवा!" गोरधन ओरडला. "आवाज ऐकू येत नाही का तुला? पंप उलटा फिरतोय! वीज जोडताना दोन वायरी उलट्या लावल्यात. उलटा पंप दाब देणार कुठून? अलार्म नाही देणार तर काय आरती म्हणणार?"

 आधी परसोत्तमभाई हसू लागले. मग दारातली माणसं. मग जिज्ञासा, कंट्रोलवर डोकं टेकून. गोरधनला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणालास गोरधन?" ओधवजी म्हणाला. "पुन्हा एकदा सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"वायरी बदल, जास्त बोलू नको."

मुख्य स्विच खाली आला. ओधवजीने स्वतः वायरी काढल्या, दोन अदलाबदल करून परत आवळल्या. स्विच वर. या वेळी पंपाचा आवाज भरदार आला, विहिरीवर इंजिन सुरू व्हावं तसा. तांबडा दिवा विझला. हिरवा लागला.

जिज्ञासाने व्हॉल्व्हच्या बॉडीचं भट्टीतून आलेलं ओतीव पकडीच्या फिक्श्चरवर चढवलं, दरवाजा लावला आणि बापाकडे बघून बटणाकडे बोट केलं. ओधवजीने बटण दाबलं. कटर खाली उतरला, पाणी सुटलं, आणि लोखंडाचा पहिला कीस काचेवर येऊन आपटला. गल्लीतली माणसं काचेला नाकं लावून उभी होती. हाताच्या मशीनवर ज्या कामाला तीन वेळा जॉब उलटायला लागायचा ते एकाच पकडीत होत होतं. टूल बदललं, भोकं पडली, टूल बदललं, आटे पडले. मनसुख आधी दारात होता. मग खांबापाशी आला. मग काचेपाशी.

मशीन थांबलं. जिज्ञासाने बॉडी काढली, हवेच्या फवाऱ्याने साफ केली आणि बापाच्या हातात ठेवली. ओधवजी मोजायला व्हर्निअर शोधू लागला, पण बॉडी त्याच्या हातातून गोरधनने काढून घेतली. खिशातून स्वतःचा व्हर्निअर काढला. भोक मोजलं, अंतर मोजलं, तोंडाची सपाटी नखाने चाचपली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. अटिकात गोरधनच्या व्हर्निअरवर कोणी वाद घालत नसे.

"बोल," ओधवजी म्हणाला.

गोरधनने बॉडी परत त्याच्या तळहातावर ठेवली. "माझ्या सहांमध्ये असं काढणारी दोनच आहेत," तो म्हणाला. "लापशी कुठे आहे?"

गल्लीने एकच ओरडा केला. परसोत्तमभाईंनी डबा उघडला. मनसुख कधी पुढे आला कोणाला कळलं नाही. तो मशीनच्या दारातला कीस ब्रशने झाडत होता आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याने कुंकू लावलेल्या जागी हात टेकवून नमस्कार केला.

ओधवजीच्या हातातली बॉडी अजून कोमट होती, पाण्याने ओली. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, कोणी त्याच्या तोंडात लापशी कोंबली. त्याने ती गिळली, डोळे बाहीने पुसले आणि जिज्ञासाकडे पाहिलं. ती पुढचं ओतीव हातात घेऊन तयारच उभी होती.

"बघतेस काय?" तो म्हणाला. "चढव दुसरं."